एकोणीस युरोंची तलवार

दाराशीच, छत्र्यांच्या पिंपात उभी असते ती.
जस्ताची मूठ, वर सोनेरी रंग,
मुठीवर सिंह, की माकड,
साच्यातच तोंड बिघडलंय.
पोरं उपसतात आणि आया ओरडतात,
"ठेव ती! डोळा फुटेल कुणाचा!"
डोळा कसला, तिनं लोणी कापलं जात नाही.
पण मी गप्प राहते.
निम्मा पगार मला गप्प राहण्याचाच आहे.

भिंतीवर एकशेचाळीसवाल्या.
पातं आरशासारखं. गिऱ्हाईक आधी
त्यात स्वतःचा भांग नीट करतं,
मग किंमत विचारतं.
परजेच्या आत काय, हे कुणी विचारत नाही:
बोटभर शेपूट,
वेल्डिंगचा एक थेंब,
आणि नशीब.

काचेत, कुलपात, नऊशेची.
तिला पांढरे हातमोजे घालून उचलायचं.
सोबत प्रमाणपत्र, लाखेचा शिक्का
आणि ओलेगारिओंची सही,
जी गेली सहा वर्षं मी करते,
त्यांचा हात थरथरायला लागल्यापासून.

खोकी तिन्हींची एकाच ट्रकमधून येतात, मंगळवारी.
कुठून, ते मला विचारू नका.
चिकटपट्टीवरची अक्षरं मला वाचता येत नाहीत.

ओलेगारिओ तरुणपणी नदीकाठच्या कारखान्यात
पात्यांना पाणी द्यायचे.
सांगतात, पोलाद पिकल्या चेरीच्या रंगावर आलं
की ताहोच्या पाण्यात बुडवायचं,
एक प्रार्थना म्हणून होईपर्यंत.
भरभर म्हटली तर पातं मऊ,
रेंगाळलात तर काच.
आता ते तीच प्रार्थना पुटपुटतात
कॉफीत बिस्कीट बुडवताना.
बिस्कीट बहुतेक वेळा
आमेनच्या आधीच तुटतं.

ऑक्टोबरात एक बाई आली, रेमेदियोस नावाची.
तीस वर्षं खाटकाच्या दुकानात.
मुलीचं लग्न, केक कापायला तलवार हवी.
अंगठी काढून पर्समध्ये टाकली,
तिन्ही पात्यांवरून अंगठा आडवा फिरवला,
हातमोजे न घालता, मी नको म्हणेपर्यंत झालंही,
आणि म्हणाली,
"या तिघी एकाच आईच्या ना?"

सहा वर्षांत पहिल्यांदाच
माझ्या तोंडून 'हो' निघून गेलं.
मागे ओलेगारिओंचा कप बशीत वाजला.

तिनं पिंपातली घेतली.
"धार मी लावीन," म्हणाली,
"धार लावणं काही विकत घ्यावं लागत नाही मला."

पंधरा दिवसांनी परत.
मूठ एका पिशवीत, पातं टॉवेलात.
तिसऱ्या थरावर, बदामाच्या सारणात,
खटकन मोडली म्हणे.
नवरामुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला.
पैसे परत नको होते तिला.
"जोडून द्या. त्यांच्या घरात लावायचीय."

मी गोंद शोधत होते.
ओलेगारिओंनी पातं माझ्या हातातून घेतलं,
धारेवर नख टेकवलं, बराच वेळ.
"लावलीय चांगली," एवढंच बोलले.
"पण हिला पाणी नाही, बाई.
आता चढणारही नाही."
मग माळ्यावरून ऑलिव्हच्या लाकडाचा तुकडा काढला,
कानस काढली, तांब्याचे दोन खिळे.
शनिवार दुपारभर दुकानाला आतून कडी.
बाहेर जपानी पर्यटक काचेला नाक लावून.
भोक पाडताना त्यांचा हात थरथरला,
दोनदा निसटला,
तिसऱ्यांदा मी पातं धरून बसले.

वाकडीच बसली मूठ. पण बसली.
हलवून पाहिली, आपटून पाहिली.

"किती झाले?" रेमेदियोसनं विचारलं.
"एकोणीस," ते म्हणाले, "ते तुम्ही दिलेत."
आणि पावतीच्या पाठीवर
त्यांनी स्वतःच सही केली, हळूहळू,
जिभेचं टोक ओठांत धरून.

मी नंतर नऊशेच्या प्रमाणपत्राशी
ती जुळवून पाहिली.
त्यांची खोटी वाटते.